उलटी खुर्ची

१

चष्मेवाल्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात बाजूच्या जिन्यात काहीतरी धडधडत कोसळलं. वरच्या म्हाताऱ्यांनी पुन्हा एखादं कपाट हलवायला काढलं असेल, असं समजून तो दोन शिव्या तयार ठेवूनच बाहेर आला. त्या शिव्या त्याला तशाच गिळाव्या लागल्या. जिन्याच्या तळाशी त्या म्हाताऱ्यांतला दादा पडला होता. मान अशी वळली होती की जिवंत माणसाला ती तशी वळवता येणार नाही.

दादाची बहीण आली तेव्हा पोलिसांनी खडूनं रेघा मारून झाल्या होत्या. ही बाई आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासायची. जळालेली गोदामं, चेपलेल्या गाड्या, चोरीला गेल्याचं सांगून मामेभावाच्या घरी ठेवलेले टीव्ही, सगळं तिनं पाहिलं होतं. तिच्यासमोर दोन मिनिटं खोटं बोलून दाखवलेला माणूस कंपनीत कुणाला आठवत नव्हता. निवृत्त झाली तरी 'शंकाबाई' हे नाव काही निवृत्त झालं नाही.

ती रडली नाही. आधी भावाच्या पायांकडे पाहिलं. मग वर गेली, पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत एक नजर टाकून खाली आली, आणि मग मात्र जिन्याच्या कठड्याला धरून बसली.

"इन्स्पेक्टरसाहेब," ती म्हणाली, "याच्या पायात नुसते मोजे आहेत. बूट वर टेबलाखाली आहेत."

"म्हातारं माणूस, बाई. विसरले असतील."

"आणि चष्मा?"

मोडलेला काळ्या काडीचा चष्मा दादाच्या छातीखाली सापडला होता. चष्मेवाल्यानं तो दुरूनच ओळखला. "हा जवळचा. वाचायचा. लांबचा तपकिरी आहे, तोही मीच केलाय."

"तपकिरी वर टेबलावर आहे," शंकाबाई म्हणाली. "वाचायचा चष्मा लावून कुणी जिना उतरत नाही. पायऱ्या पाण्यात बुडाल्यासारख्या दिसतात. दादा खाली निघालाच नव्हता. त्याला कुणीतरी मोज्यांवरच दाराबाहेर बोलावलं आणि काहीतरी वाचायला दिलं."

इन्स्पेक्टरनं वही मिटली. मग चष्मेवाल्यानं घसा खाकरला आणि जे सांगितलं त्यानं शंकाबाईच्या पायाखालची उरलीसुरली जमीनही सरकली.

"साहेब, संध्याकाळी वर भांडण झालं. यांचे धाकटे भाऊ ओरडत होते. 'नवरी विकलीस तर जीव घेईन तुझा, दादा!' मी म्हटलं, हे म्हातारे मुलीबाळी विकतात की काय!"

२

मुलीबाळी कुणी विकत नव्हतं. ज्या वयात लोक देवाला लागतात, त्या वयात ही पाच माणसं सर्व्हरला लागली होती.

आता सर्व्हर म्हणजे काय, तर गारेगार खोल्यांत कपाटं भरभरून ठेवलेले ते संगणक, ज्यांच्या जिवावर सगळ्या जगाचे मोबाईल चालतात. ती कपाटं बनवणाऱ्या दोन कंपन्यांवर यांचा जीव. एक जुनी, बँकांना आणि रेल्वेला माल देणारी, दुरुस्तीच्या करारांवर वर्षानुवर्षं निवांत कमावणारी. तिला हे म्हणायचे 'म्हातारी'. दुसरी कालपरवाची, कपाटात यंत्रं ठासून बसवायची आणि ती पेटू नयेत म्हणून आतून पाणी फिरवायची. तिच्या दारात गिऱ्हाइकांची रांग. ती 'नवरी'. दादा, त्याची बहीण शंकाबाई, त्यांचा धाकटा भाऊ, एक वकील आणि एक दातांची डॉक्टरीण अशा पाचांचे शेअर एकाच खात्यात, दादाच्या नावावर. दर तिमाहीचे निकाल आले की चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत बसायचं आणि कुठली ठेवायची, कुठली विकायची, यावर खडाजंगी करायची.

पण साधी खडाजंगी नाही. मागे एकदा हे पाचही जण एका कंपनीच्या प्रेमात पडून सपशेल बुडाले होते. तेव्हा दादानं नियम घातला. ज्याचा जीव ज्या कंपनीत अडकलाय, त्यानं तिच्याविरुद्धच बोलायचं आणि ज्याला जी डोळ्यांसमोर नको, त्यानं तिचीच बाजू घ्यायची. तीही जीव तोडून, हातचं न राखता. बोलताना एक खुर्ची टेबलाकडे पाठ करून ठेवायची आणि तिची पाठ धरून उभं राहायचं. हात खुर्चीवर आहे तोवरचं सगळं उलटं. कुणी हसायचं नाही. शेवटी खुर्ची सरळ करायची आणि मग खरं मत, नुसता हात वर करून.

आणि दुसरा नियम, खोलीतलं खोलीत. बाहेर चकार शब्द नाही. नवऱ्याला नाही, बायकोला नाही, पोटच्या पोरालाही नाही. नाहीतर लोक काय वाट्टेल ते ऐकतील आणि काय वाट्टेल ते करून बसतील, असं दादा म्हणायचा.

त्या संध्याकाळी पहिला दादा उभा राहिला. नवरीवर त्याचा भारी जीव. तिचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा तो कारखान्यात जाऊन तिच्या कपाटावर गाईच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून आला होता. म्हणूनच खुर्ची धरून त्यानं तिला सोलून काढली.

"विक्री दुप्पट झाली म्हणून नाचताय? नफा बघा, चिमटीत मावतोय! दोन बडी गिऱ्हाइकं सगळा माल उचलतात. त्यातलं एक रुसलं तर? शेजारचा कारखाना तीच कपाटं स्वस्तात द्यायला बसलाय. भाव पाडून माल खपवायचा आणि त्याला वाढ म्हणायचं! ही सर्व्हर बनवत नाही रे, हिनं गरम पाण्याचा कारखाना काढलाय. उद्या सकाळी पहिलं काम, शेवटच्या शेअरपर्यंत सगळं विकून टाकतो."

घशाच्या ऑपरेशननंतर दादाचा आवाज फुटक्या बासरीसारखा झाला होता. समोर बसलेल्यांनाही कान द्यावा लागायचा.

मग धाकटा उठला. त्याला नवरी मुळीच आवडायची नाही; म्हणून खुर्ची धरून तो तिच्यासाठी असा काही पेटला, की जीव घेईन म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला होता, पण नियम म्हणजे नियम. हसलं कुणीच नाही.

खुर्ची सरळ झाली. हात वर झाले. नवरी ठेवायची.

एवढ्यात शंकाबाईला मुलाचा फोन आला, "आई, न्यायला येत होतो, टायर पंक्चर झालं. तू डॉक्टर मावशींबरोबर जा." ती गेली. वकील गेला. सगळ्यात शेवटी धाकटा उतरला आणि चष्मेवाल्यानं त्याला उतरताना पाहिलं. दादा नेहमीसारखा मागे थांबला, खिडक्या लावायला.

थोड्या वेळानं तो उतरला, तो असा.

३

"म्हणजे तुमच्या सगळ्यांचं म्हणणं असं," इन्स्पेक्टर म्हणाला, "की जीव घेईन म्हणणारा माणूस मुळात जीव घेणार नाही असं म्हणत होता?"

"तसंच अगदी नाही," वकील म्हणाला.

"वकीलसाहेब, मी न्यायाधीशाला काय सांगू? आरोपीनं खून करायची धमकी दिली, पण खुर्ची उलटी होती?"

वकिलानं उभ्या जन्मात कोर्टात खूप काही पचवलं होतं. हे त्यालाही गिळवेना.

धाकट्याला कोठडीत भेटायला फक्त वकील आणि बहीण. दोन दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. "ताई," तो म्हणाला, "मी उतरलो तेव्हा दादा हसत होता. म्हणाला, नवरीचं स्थळ इतकं छान मांडलंस की मलाच भीती वाटली, खरंच उलटलास की काय. ते शेवटचं बोलणं. आणि मी त्याला काय म्हटलं माहितीये? म्हटलं, मर तिकडे." त्यानं गज धरले. "खुर्चीवर हात नव्हता गं तेव्हा माझा."

शंकाबाईनं त्याची बोटं एकेक करून गजांवरून सोडवली. लहानपणी त्याच्या हातातून कैऱ्या सोडवायची तशी.

"मी तुला बाहेर काढते," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत तिनं दावा मांडून पाहिला होता. जुन्या कामाची सवय. नुकसान कुणाचं, हे आधी. दादा नवरी विकणार म्हणून कुणीतरी त्याला मारलं, असं पोलिस म्हणतात. बरं. पण खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की दादा विकणार नाही. हात वर झाले होते. धाकट्याला विकायचंच होतं. तो हरला, पण दर वेळी कुणीतरी हरतंच. वकिलाचा जीव म्हातारीत. डॉक्टरीणबाई दोन्हीकडे थोड्या थोड्या. विक्री थांबवण्यासाठी खून करायचा, तर विक्री होणार आहे यावर विश्वास हवा.

तो विश्वास खोलीतल्या एकाचाही नव्हता.

म्हणजे ज्यानं दादाला मारलं, त्यानं ते भाषण ऐकलं होतं, पण खुर्ची पाहिली नव्हती.

४

पुढचे दोन दिवस ती भेटत सुटली.

चष्मेवाला म्हणाला, "ताई, खाली फक्त धाकट्यांचा आवाज येतो. तुमच्या दादांचा आवाज माझ्या दुकानात मी कधीच ऐकला नाही. आणि पुढच्या जिन्यानं त्यानंतर कुणी चढलं नाही, शपथेवर सांगतो. मागं तो लोखंडी जिना आहे, पण तिकडे कबुतरं जातात."

म्हणजे मागच्या जिन्यानं येऊन, दाराला कान लावून.

वकील म्हणाला, "मी बाहेर एक शब्द बोललेलो नाही. बायको तीस वर्षं विचारतेय, तुम्ही तिथे करता काय. तिला वाटतं, पत्ते खेळतो."

"पोलिसांना काय सांगितलंत?"

"खुर्चीचा नियम. भाषणातलं एक अक्षरही नाही. ते विचारतायत कुठे?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे माणसं तोंड उघडून बसतात, माझं तोंड बंद असतं. मी कुणाला सांगू?" मग त्यांचे डोळे भरले. "गरम पाण्याचा कारखाना म्हणाला ना, तेव्हा मी ओठ चावला. आता वाटतं, हसून घ्यायला हवं होतं."

तो शब्द दादानं त्याच संध्याकाळी पहिल्यांदा काढला होता. खोलीबाहेर तो गेलाच नव्हता.

त्या दुपारी शंकाबाई मुलाला जेवायला वाढत होती. सोन्या तिचा एकुलता एक. बाप लवकर गेल्यावर मोठ्या मामाच्या खांद्यावर बसून वाढलेला. मामाला मोबाईलवर फोन घेता यायचा तेवढाच, तोही कधीकधी उलटा धरून. त्यामुळे शेअरचं खातं सांभाळायचं काम सोन्याकडे. मामा म्हणेल तेव्हा खातं उघडायचं, पडदा दाखवायचा, मामानं मान डोलावली की बंद करायचं.

"आई," सोन्या म्हणाला, "खात्याची वारस म्हणून तुझं नाव आहे ना? लगेच काही विकू वगैरे नकोस. मोठे मामा काहीही म्हणाले असोत. गरम पाण्याचा कारखाना असला तरी चालतोय ना बरा!"

शंकाबाईच्या हातातला डाव वाटीच्या काठावर थांबला. थेंब पडला, मग दुसरा.

"आई, सांडतंय."

"हो," ती म्हणाली. "सांडलं खरं."

५

जेवून सोन्या झोपला. ती खाली गाडीपाशी गेली.

पंक्चरचे दावे तिनं पोत्यानं पाहिले होते. चारही चाकांवर सारखाच वाळलेला चिखल, एकाच पावसाचा. कुठलाही नट ताजा उघडलेला नाही. पान्याची एक चकाकती खूण नाही. डिकी उघडली. जादाचं चाक कारखान्यातून आलं तसं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं.

ती डिकीच्या कडेवर बसली. शेजारच्या बाईनं वरून विचारलं, "काय हो, काही हरवलं का?"

"नाही," ती म्हणाली. "सापडलं."

तिथे बसून तिनं दावा नामंजूर करायची खूप खटपट केली. जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं, आपली शंका खोटी निघावी. गज धरलेली धाकट्याची बोटं डोळ्यांपुढे येत होती, आणि त्यांच्यावरच, मामाच्या खांद्यावर बसून त्याचे केस घट्ट धरलेली दुसरी लहान बोटं. दोन्ही एकदम सुटणार नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत ती इन्स्पेक्टरकडे गेली.

"उद्या दुपारी दादाच्या खोलीत जाऊन बसा," ती म्हणाली. "दार नुसतं लोटून घ्या. बाहेरचं सगळं ऐकू येतं. दाराला कान लावावा लागतो, एवढंच."

६

"इथे कशाला आणलंस, आई?" सोन्यानं विचारलं.

"दादाची चावी घ्यायची आहे. आणि उद्या मी सगळी नवरी विकणार आहे. त्याआधी खातं दाखव."

ती खोलीच्या दाराबाहेर, जिन्याकडे पाठ करून उभी राहिली. पर्समधून वाचायचा चष्मा काढून नाकावर ठेवला. सोन्याचा चेहरा धूसर झाला. ते बरंच होतं.

"घरी दाखवतो ना."

"इथेच. त्यालाही इथेच दाखवलंस."

 त्यानं मोबाईल पुढे धरला. नवरीचे शेअर जागच्या जागी होते.

"हे चित्र आहे," ती म्हणाली. "जुनं काढून ठेवलेलं. भावही तेव्हाचाच आहे. खरं खातं उघड."

त्याचा अंगठा बराच वेळ काचेवर रेंगाळला. मग खातं उघडलं. तिथे नवरीचा एकही शेअर नव्हता.

"मला वाटलं, भाव पडेल," तो म्हणाला. लहानपणी पाटी फोडल्यावर यायचा तोच आवाज. "सगळे म्हणत होते, कंपन्यांत किमती पाडायची लढाई लागलीये, निकाल वाईट येणार. आत्ता विकतो, पडला की स्वस्तात परत घेतो, मधलं माझं. कुणाला कळलंही नसतं. पण तो चढतच गेला, आई. दर आठवड्याला चढतच गेला. तेवढ्या पैशांत परत घेता येईना. त्या दिवशी तुला न्यायला आलो, मागून वर आलो, आणि मामा म्हणत होते, उद्या सकाळी सगळं विकतो. सकाळी विकायला गेले असते तर... मी त्यांना विनवायलाच थांबलो होतो. तुम्ही सगळे जाईपर्यंत कबुतरांत उभा होतो. विकू नका म्हटलं. ते म्हणाले, अरे कोण विकतंय! मला वाटलं, थट्टा करतायत. मला वाटलं, त्यांना कळलंय. त्यांनी चष्मा लावला, खातं बघू म्हणाले, आणि..."

"तो विकणार नव्हता."

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

"कानांनी ऐकलंस. खुर्ची नाही पाहिलीस."

"कुठली खुर्ची?" सोन्या म्हणाला.

मग तिनं त्याला सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेला नियम, तिथे जिन्याच्या तोंडाशी, चार वाक्यांत सांगून झाला. 

"तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"एकदा जरी बोलली असतीस..."

"बाहेर सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "मी नियम पाळला."

त्याचा हात वर आला, तिच्या खांद्याच्या दिशेनं. तो ढकलायला येत होता की आधाराला, हे वाचायच्या चष्म्यातून तिला दिसलं नाही. दार उघडलं आणि इन्स्पेक्टरनं तो हात मधल्यामधे धरला. त्यानंतर इन्स्पेक्टरनं तिला तेच विचारलं, वकिलानं विचारलं, कोर्टानंही विचारलं. तिनं चष्मा काढून पुसला आणि दर वेळी सांगितलं, की दिसलं नाही.

७

पुढच्या तिमाहीचे निकाल आले. नवरीची विक्री पुन्हा वाढली, नफा पुन्हा घसरला, आणि शेअरच्या भावानं दोन्हीकडे दुर्लक्ष केलं. वरच्या खोलीत चौघं जमले होते, पण कंपन्यांची नावं कुणी काढली नाहीत.

धाकटा सुटून आला होता. त्याचे केस कोठडीतच पांढरे झाले असं म्हणतात. मी म्हणतो, आधीच होते, कलप लावायला तिथे कोण देणार! तो दादाच्या जागेकडे न बघता बसला.

वकिलानं विषय मांडला. सोन्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला होता. शिक्षा ठरवण्याआधी न्यायाधीश मेलेल्याच्या घरच्यांचं म्हणणं ऐकणार होते. एक तर दया करा म्हणायचं, नाहीतर जन्मभर आत ठेवा म्हणायचं. एकच म्हणणं, सगळ्यांचं मिळून, आणि ते इथेच ठरवायचं; दया हवी त्यानं हात वर करायचा.

"मी काही बोलत नाही," धाकटा म्हणाला. "मला दोन्हीकडून बोलता येत नाही."



शंकाबाई उठली. तिनं दादाची खुर्ची ओढली, टेबलाकडे पाठ करून ठेवली आणि तिची पाठ दोन्ही हातांनी धरली. धाकट्यानं तोंडावर हात घेतला.

"त्याला सोडू नका," ती म्हणाली. "ज्या माणसानं त्याला खांद्यावर घेऊन वाढवलं, त्याच्याच छातीवर त्यानं हात ठेवला आणि ढकललं. तो हात मी ओळखते. मी त्याला अक्षरं गिरवायला शिकवलंय. वर मोज्यांवर उभ्या म्हाताऱ्याला आधी चष्मा लावू दिला. धाकटा मामा गजाआड सडत होता तेव्हा हा माझ्या हातचं जेवत होता, वाढ म्हणत होता. त्याला पश्चात्ताप झालाय म्हणतात. झाला असेल. दावा करणारा प्रत्येक जण रडतो. मी आयुष्यभर पाहिलंय. असला मुलगा मला नको. मला तो कधीच नको होता. कोर्टाला सांगा, त्याची आईच म्हणते, दार लावून घ्या आणि चावी विसरून जा."

ती बोलतच गेली. एकही मुद्दा तिनं सोडला नाही, एकदाही आवाज खाली आणला नाही. दादानं नवरीला सोललं होतं, त्याहून तिनं सोन्याला जास्त सोललं. दाराबाहेर कुणी कान लावून उभं असतं, तर म्हणालं असतं, या बाईला काळीज नाही.

खोलीत कुणीच हसलं नाही.

मग तिनं खुर्ची सरळ केली. हात मात्र तिच्या पाठीवरून उचलायला तिला फार वेळ लागला. तेवढा वेळ बाकीचे तिघं टेबलाकडे बघत, आपापले हात वर करून, थांबून राहिले.